योग्य गिऱ्हाइकाची पारख

स्वतःच्या श्रमावर धंदा मांडणाऱ्या मनुष्यास पहिली चिंता असते ती गिऱ्हाइकाची. दुकानदाराचा माल आज खपला नाही, तर उद्या खपेल. परंतु सेवा विकणाऱ्याचा रिकामा गेलेला तास पुन्हा विकता येत नाही. म्हणून जो दाराशी येईल त्यास होकार द्यावा, असा मोह त्यास पडतो, आणि हाच मोह पुष्कळदा धंद्याच्या मुळावर येतो. याचे प्रत्यंतर पाहावयाचे असेल, तर मुंबईच्या डबेवाल्यांकडे पाहावे.

हा व्यवसाय सुमारे १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी आरंभिला, असे मानतात. पुढे मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या बाजूची शेतकरी कुटुंबांतील माणसे त्यात आली. मुंबईत नाना प्रांतांचे लोक पोटासाठी जमलेले. प्रत्येकाची चव निराळी, पथ्य निराळे. खानावळीचे अन्न मानवत नाही, सकाळी निघावयाच्या वेळी घरचा स्वयंपाक झालेला नसतो, आणि झालाच तरी लोकलच्या गर्दीत डबा सांभाळणे कठीण. ही नड ज्याची रोजची, तेच डबेवाल्याचे खरे गिऱ्हाईक. ज्यास महिन्यातून चार दिवसच डबा हवा, त्याच्यासाठी ही व्यवस्था नव्हे.

आता या व्यवस्थेची नाडी पाहू. एक डबेवाला साधारणपणे ३० ते ३५ डबे सांभाळतो. घरोघरचे डबे स्थानकावर आणावयाचे, झाकणावरील रंगीत खुणांवरून त्यांची वाटणी करावयाची आणि ठरलेली लोकल गाठावयाची. गाडी स्थानकात काही सेकंदच थांबते. एका घरी फोडणी पडावयाची राहिली म्हणून तो दारात खोळंबला, तर उरलेल्या साऱ्यांचे जेवण लांबते. म्हणून जे घर वारंवार उशीर करते, त्यास प्रथम समज दिली जाते. तरीही सुधारणा न झाल्यास ते घर सोडून दिले जाते. महिन्याचे चार पैसे बुडतात, पण बाकीच्यांचा विश्वास राखला जातो. गावच्या जत्रेसाठी वर्षातून काही दिवस काम बंद ठेवावयाचे, हेही गिऱ्हाइकास आगाऊ कळविलेले असते. अट आधी सांगितली की भांडण उरत नाही.

अशा धंद्यास जाहिरात कोणती? डोक्यावरची पांढरी टोपी आणि घड्याळाच्या ठोक्याला टेबलापाशी आलेला डबा. शेजारचा कारकून महिनाभर तो पाहतो आणि एके दिवशी चौकशी करतो. वेळेची किंमत जाणणारे गिऱ्हाईक आपल्यासारखेच दुसरे घेऊन येते; वेळ न पाळणारेही तसेच दुसरे आणील, हे विसरता कामा नये.

तथापि उत्तम पारख असूनही काळ फिरतो. मार्च २०२० मध्ये साथीमुळे लोकल थांबली, कचेऱ्या ओस पडल्या, आणि पुढे कित्येक नोकरदार घरूनच काम करू लागले. डबेवाल्यांच्या सेवेत काही उणे नव्हते. गिऱ्हाइकाची नडच नाहीशी झाली होती. कित्येकांनी गावची वाट धरली, आणि त्यांतील सर्वच परतले नाहीत. सगळी गिऱ्हाइके एकाच परिस्थितीवर अवलंबून असली म्हणजे काय होते, याचा हा कठोर धडा होय. आपली गरज आज कोणास आहे, हा प्रश्न धंदा भरात असतानाही विचारीत राहिले पाहिजे.

शिंपी असो, शिकवणी घेणारा असो, की विजेची दुरुस्ती करणारा असो, न्याय एकच. आपण कोणती नड उत्तम भागवू शकतो ते ठरवावे, आपल्या अटी आरंभीच स्पष्ट सांगाव्यात, आणि ज्यास त्या मानवत नाहीत त्यास सौजन्याने नकार द्यावा. तो नकार उद्दामपणाचा नसतो; ज्यांस आधीच शब्द दिलेला आहे, त्यांच्यासाठी तो दिलेला असतो.