ट्रिनिटीपासून तात्या विंचूपर्यंत

धुळीनं माखलेला एक वाटसरू खानावळीत येतो, राजम्याची अख्खी कढई पुढ्यात ओढतो आणि पावानं तळ पुसून निघेपर्यंत मान वर करत नाही. आसपासचे गुंड नुसते बघत राहतात. १९७० सालच्या ‘दे कॉल मी ट्रिनिटी’मधला हा प्रसंग. दिग्दर्शक एन्झो बार्बोनी रोमचे; पडद्यावर मात्र नाव ई. बी. क्लचर. मुळात ते छायालेखक. सर्जिओ कॉर्बुची यांच्या रक्तरंजित ‘जँगो’चा (१९६६) कॅमेरा त्यांचाच. तोच उजाड मुलूख, तेच घोडे, तीच बंदूक त्यांनी कायम ठेवली आणि गोळीच्या जागी थप्पड आणली. पुढच्याच वर्षीचा दुसरा भाग पहिल्याहूनही जास्त चालला.

मराठीत मारधाडीच्या पटात विनोद आणण्याचं हे धाडस महेश कोठारे यांनी केलं. ‘छोटा जवान’मधला हा बालकलाकार पुढे वकील झाला आणि १९८५ साली ‘धूमधडाका’ घेऊन दिग्दर्शनात उतरला. त्या वेळी मराठी विनोद म्हटला की दादा कोंडकेंचा द्व्यर्थी संवाद किंवा नाटकाच्या दिवाणखान्यातली धांदल. कोठारेंना मोटारी, मारामाऱ्या आणि खलनायक हवे होते. ‘दे दणादण’मधल्या (१९८७) हवालदाराची अचाट ताकद लाल रंग दिसला की ओसरते, ही कल्पना कॉर्बुचींच्याच ‘सुपर फझ’मध्ये आहे आणि तिथला पोलीस म्हणजे ट्रिनिटी साकारणारा टेरेन्स हिल!

‘धडाकेबाज’ (१९९०) हा मराठीतला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. विनोदी चित्रपटाला एवढा मोठा पडदा कशाला, असं कुणी म्हणेल. पण त्यातल्या खलनायक कवट्या महांकाळची दहशत तेवढी मोठी दिसली, म्हणूनच तिच्यापुढे घाबरलेला लक्ष्मीकांत बेर्डे इतका हसवतो. टकलू हैवान, कुबड्या खवीस ही कोठारेंच्या खलनायकांची नावं ऐकताना हसू येतं, पडद्यावर मात्र ही माणसं खरोखर जीव घ्यायला निघालेली असतात. कोठारेंची सगळी ताकद इथे आहे.

‘झपाटलेला’त (१९९३) तर हा धोका हातभर बाहुल्यात भरला. मूळ कल्पना हॉलिवूडच्या ‘चाइल्ड्स प्ले’ची, पण बाहुला रामदास पाध्यांचा आणि त्यात शिरलेला गुंड तात्या विंचू दिलीप प्रभावळकरांचा. नेमकी भुवयांच्या मधोमध गोळी लागली तरच तो मरणार, अशी अट. एवढ्याशा बाहुल्यावर नेम धरणारा इन्स्पेक्टर पाहताना पोरं खुर्चीच्या टोकाला येतात.

नागपूरला कोठारेंच्या या मोठ्या पडद्याचं मोल अधिक कळावं. इथल्या सी.पी.-बेरार या चित्रपट-वितरणाच्या सर्किटमध्ये मराठी चित्रपटाची गाठ थेट हिंदीशी पडते. इथला प्रेक्षक भव्य पडद्याला सरावलेला. मराठी म्हणून सवलत तो का देईल? कोठारेंनी ती मागितलीही नाही.

२००४च्या डिसेंबरात बेर्डे, म्हणजे सगळ्यांचा लक्ष्या, गेले. लक्ष्याशिवाय हा खेळ कसा उभा राहायचा, हा प्रश्न खराच होता. तरी २०१३ साली ‘झपाटलेला २’ आला, तोही थ्रीडीत. या वेळी नायक होता कोठारेंचा मुलगा आदिनाथ, आणि तात्या विंचू चष्मा लावलेल्या प्रेक्षकांच्या थेट अंगावर येत होता.