पुंजण्याजवळ सापडलेला पार्ट
(आकाशवाणीवरील भाषण)



पौषातली एक सकाळ डोळ्यांपुढे आणा. सहा वाजलेत. आरमोरीहून वडशाकडे येणाऱ्या रस्त्यावर एवढं धुकं, की गाडीचा दिवा चार हातांपुढे जात नाही. गाडीत आम्ही बारा-चौदा जण एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून झोपलेलो. रात्रभर जिचा छळ केला त्या नायिकेचं पोर खलनायकाच्या मांडीवर डोकं ठेवून घोरतंय. माझ्या कानामागं अजून रंग आहे, तो खोबरेल तेलाशिवाय निघत नाही. घरी पोचतो तर बायको दारात उभी. नाटक कसं झालं, हे ती विचारत नाही. म्हणते, "धान चुराचा हाये. झोपता का येता?"

झाडीपट्टीच्या नटाचा दिवस असा सुरू होतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा आमचा मुलूख. धानाच्या बांध्या, मधेमधे तलाव आणि चहूकडे जंगल. हलका धान घरी आला की दिवाळी, भाऊबीजेपासून गावोगाव मंडई म्हणजे जत्रा, मंडईत दंडार हे लोकनाट्य, आणि तिथून होळीपर्यंत नाटकंच नाटकं. या धंद्याचं ठाणं म्हणजे वडसा, कागदोपत्री देसाईगंज. तिथं कंपन्यांची कार्यालयं. गावचं नाट्यमंडळ येतं, तारीख ठरवतं, इसार देतं. त्या तारखेला पडदे, दिवे, भोंगे आणि आम्ही असे सगळे एकदमच गावात उतरतो. लेकी माहेरी येतात, जावई येतात, सोयरीकी जुळतात. आलुबोंड्याच्या दुकानापुढे जेवढी लग्नं ठरतात, तेवढी वधू-वर मेळाव्यात ठरत नसतील.

रात्री दहाला पडदा वर गेला की उजाडेपर्यंत नाटक. बाहेरचे लोक याचं नवल करतात. पण पूर्वी माणसं बंड्या जुंपून पाच-सात कोसांवरून यायची. मध्यरात्री नाटक संपवून त्यांना कुठं पाठवणार? वाटेत रान, रानात वाघ. तेव्हा कोंबडा आरवेपर्यंत खलनायकाला जिवंत ठेवणं भागच होतं. रस्ते झाले, मोटारसायकली आल्या, वाघ मात्र आहेतच. आणि नाटकाची लांबीही तीच राहिली.

एकदा एका शहरातल्या पाहुण्यानं मला विचारलं, "तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते?" हा शब्द ऐकला की मला घडी न मोडलेलं धोतर आठवतं. दिसायला छान, पण नेसून खऱ्यावर, म्हणजे खळ्यावर, जाता येत नाही. त्या दिवशी मी काहीतरी कलेची सेवा वगैरे बोललो. खरं उत्तर पुंजण्याजवळचं, म्हणजे धानाच्या भाऱ्यांच्या गंजीजवळचं आहे, ते आज सांगतो.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या धुक्याच्या सकाळी अर्धवट झोपेत मी खऱ्यावर गेलो. आमच्या बांधीला लागून एका काकांची बांधी आहे. तेही पुंजण्यातले भारे ओढत होते. मी सहज विचारलं, "यंदा कर्ज फिटते ना जी?" ते म्हणाले, "सोसायटीचं तर..." आणि थांबले. पुढचा शब्द आलाच नाही. वळले आणि पुंजण्यातले भारे बोटानं मोजायला लागले. एक, दोन, तीन. मोजून झाले तसे पुन्हा पहिल्यापासून.

त्या रात्री सिंदेवाहीकडच्या एका गावात माझा पार्ट बापाचा होता. तिसऱ्या अंकात पोरीच्या लग्नाचं बोलणं निघतं, तिथं मला पानभर स्वगत होतं. कपाळावर हात मारून, देवाला जाब विचारून म्हणायचं. मी पहिलं वाक्य म्हटलं, थांबलो आणि रंगमंचावर ठेवलेली भांडी मोजायला लागलो. प्रॉम्प्टर बिचारा घाबरला, विंगेतून पुढचं वाक्य दोनदा ओरडला. पण समोर पाच हजार माणसं चिडीचूप. एरवी एवढी शांतता आमच्याकडे फक्त वीज गेली की होते, आणि तीही अर्धा मिनिट.

पुढच्या आठवड्यात तेच नाटक आमच्या गावी. काका पुढच्या रांगेत घोंगडं पांघरून बसलेले. माझे पाय लटपटत होते, पण भांडी मोजली. पहाटे चहाच्या टपरीवर त्यांनी मला गाठलं, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "असाच एक मानूस आमच्या सोयऱ्यात हाये!" काकू मागं उभ्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. माझ्याकडे पाहिलं, आणि चहाचे पैसे त्यांनी दिले.

आमच्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पाच हजारांच्या घरात प्रयोग केलेला माणूस. त्या दिवशी वडशात फटाके फुटले, आणि आपलं काम म्हणजे हंगामी मजुरी नव्हे असं आम्हा पुष्कळांना पहिल्यांदा वाटलं असावं. त्याच्या आधी २०२२मध्ये आमच्या नाटकांवरचा 'झॉलीवूड' हा सिनेमाही येऊन गेला. बरं झालं. त्याही आधी, २०१४ साली शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, बंद झाले तेव्हा पुष्कळांना वाटलं होतं, दिवसा पटच नाही तर रात्री नाटकाला कोण येईल? लोक आले. २०२१च्या शेवटी पटांना पुन्हा परवानगी मिळेपर्यंत बैलांविनाही आमची गर्दी टिकून होती.

एक तक्रार मात्र आहे, आणि ती आमची आमच्यावरच. आमच्या बोलीत 'ळ' नाही, 'ण' नाही. डोळ्याला आम्ही डोरा म्हणतो, पाण्याला पानी. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या झाडीबोलीचा अभ्यास मांडला, तिला मान मिळवून दिला. पण आमच्या नाटकात नायक-नायिका पुस्तकी मराठीत प्रेम करतात आणि झाडीबोली येते ती विनोदी पार्टाच्या वाट्याला. मी काकांचं थांबणं नाटकात नेलं, ते चाललं. त्यांचं 'हाये' नेऊन बापाला रडवायचं धाडस मला अजून झालेलं नाही. लोक हसतील, ही भीती. भांडी मोजतानाही हीच भीती होती, हे कळतं; तरीही.

आता होळी झाली, पडदे गुंडाळून वडशाला गेले. मोह पडायला लागलाय. पहाटे चारला घोळक्यानं जायचं, एकट्यानं नाही. अस्वलालाही मोह आवडतो आणि वाघाला वेळकाळ नसते. परवा झाडाखाली आमच्या गावची एक म्हातारी फुलं वेचत होती. यंदाच्या एका नाटकात मी घरजावई झालो होतो, सासू त्याला मोह वेचायला पाठवते असा प्रवेश होता. डोक्यावर टोपला घेऊन, मान डोलवत, ठुमकत यायचो. हमखास शिट्ट्या मिळायच्या.

म्हातारी कंबर सरळ करत म्हणाली, "नाटक चांगला केलास बाबू. पन तुह्या टोपल्यात काही नव्हता."

मी म्हटलं, "फुलं होती ना आजी, वरून दिसत होती."

"वरच होती. भरल्या टोपल्याखाली मान हालत नाई."

आणि तिनं आपला रसानं जड झालेला टोपला दोन्ही हातांनी उचलला, माझ्या डोक्यावर ठेवला नि म्हणाली, "आता चाल."