नावाचा सातबारा



मराठी माणसाच्या बोलण्यात 'नाव' हा शब्द फार कामाला येतो. मूल घराण्याचे नाव काढते, विद्यार्थी शाळेचे नाव राखतो, कोणी कोणाच्या नावाने खडे फोडतो. आणि घर किंवा जमीन आपल्या 'नावावर' झाली की मगच त्याला शांत झोप लागते. सातबाराच्या उताऱ्यावर ज्याचे नाव, त्याची जमीन, अशी आपल्याकडची जुनी धारणा आहे. गेल्या तीसेक वर्षांत मात्र एक अजब प्रश्न उभा राहिला आहे. खुद्द नावच दुसऱ्याच्या नावावर झाले, तर काय करायचे?

संकेतस्थळाच्या पत्त्याला 'डोमेन नाव' म्हणतात. इंटरनेटवरील यंत्रे एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून पॉल मॉकापेट्रिस या शास्त्रज्ञाने १९८३ साली नावांवरून आकडे शोधून देणारी व्यवस्था रचली. 'डॉट कॉम'ने संपणारे पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी एका अमेरिकी संगणक कंपनीने नोंदवले. त्या काळी या नावांशी मोजक्याच तज्ज्ञांचा संबंध येई, त्यामुळे 'जो आधी येईल त्याला नाव मिळेल' हा साधा नियम पुरेसा होता. पुढे व्यापार आला, प्रसिद्धी आली, पैसा आला. नियम मात्र तोच राहिला. शिधापत्रिकेवर नाव घालायचे तर कागदपत्रांची चळत लागते. डोमेनच्या नोंदणीत बहुधा दोनच गोष्टी पाहिल्या जातात : नाव मोकळे आहे का, आणि शुल्क भरले का. हे नाव मागणाऱ्याचे आहे का, हे सहसा कोणी विचारत नाही.

याचा अनुभव ब्रिटिश कादंबरीकार जीनेट विंटरसन यांना आला. केंब्रिज विद्यापीठातील एका अभ्यासकाने शंभराहून अधिक लेखकांची नावे डोमेन म्हणून स्वतःकडे नोंदवून ठेवली होती आणि नाव परत हवे असल्यास पुस्तकविक्रीतील वाटा मागितला होता. लेखकाने आयुष्यभर लिहायचे, वाचकांनी त्याचे नाव ओळखीचे करायचे, आणि त्या ओळखीचे भाडे तिसऱ्याने वसूल करायचे, असा हा हिशेब. विंटरसन यांनी २००० साली जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या लवादाकडे दाद मागितली. त्यांचे नाव व्यापारचिन्ह म्हणून कोठेही नोंदलेले नव्हते. तरीही, लेखनामुळे त्या नावाला वाचकांत जी ओळख मिळाली तीच त्यांचा हक्क सिद्ध करण्यास पुरेशी आहे, असे लवादाने मानले आणि डोमेन त्यांच्याकडे सोपवण्याचा निर्णय दिला. नोंदवहीत कोण आधी पोहोचले यापेक्षा नाव कोणी घडवले, याला दिलेले हे महत्त्व होते. त्याच वर्षी अभिनेत्री ज्युलिया रॉबर्ट्स यांनाही त्यांचे नाव असेच परत मिळाले.

हे लवाद ज्या नियमांनुसार चालतात ते 'आयकॅन' या डोमेन-व्यवस्था सांभाळणाऱ्या संस्थेने १९९९ साली स्वीकारले. तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : ते नाव आपल्या चिन्हाशी जुळते किंवा गोंधळ होईल इतके मिळतेजुळते आहे; समोरच्याचा त्यावर काही न्याय्य हक्क नाही; आणि त्याने ते दुष्ट हेतूने नोंदवले व वापरले आहे. तिसरी पायरी सर्वांत अवघड. गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन तेथेच अडखळले. त्यांच्या नावाचे 'डॉट कॉम' कॅनडातील एका गृहस्थाने घेतले होते, आणि २००१ साली लवादाने बहुमताने निर्णय दिला तो स्प्रिंगस्टीन यांच्या विरुद्ध. एवढ्या विख्यात माणसाची ही गत, तर इतरांनी निर्धास्त कसे राहावे?

भारतात या विषयाचा पहिला महत्त्वाचा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९९ मध्ये दिला. 'याहू' या अमेरिकी कंपनीच्या नावापुढे 'इंडिया' जोडून दुसऱ्याच कोणी डोमेन घेतले होते. बचाव मोठा चतुर होता. 'याहू' हा शब्दकोशातला शब्द आहे (तो जोनाथन स्विफ्टने 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये घडवला), तेव्हा त्यावर एकाची मालकी कशी. शिवाय इंटरनेट वापरणारे सुशिक्षित असतात, ते फसणार नाहीत! न्यायालयाला हे पटले नाही. सुशिक्षित माणसेच किती सहज फसतात, हे त्यानंतरच्या काळाने भरपूर दाखवले आहे. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयासमोर 'रेडिफ' आणि 'रॅडिफ' हा वाद आला. फरक केवळ एका स्वराचा होता, आणि निर्णय रेडिफच्या बाजूने लागला.

सर्वोच्च न्यायालयाचा शब्द २००४ साली आला. सत्यम इन्फोवे या कंपनीने स्वतःच्या नावातील अक्षरे जोडून 'सिफी' हे नाव तयार केले होते. दुसऱ्या कंपनीने एक 'फ' वाढवून तसेच नाव घेतले. आमच्या पाच प्रवर्तकांच्या नावांची ही आद्याक्षरे आहेत, असा खुलासा त्या कंपनीने केला. न्यायालयाने तो मानला नाही. डोमेन नाव हा आता केवळ पत्ता राहिलेला नसून व्यापारचिन्हाचे गुण त्यात आलेले आहेत, हे या निकालाने प्रस्थापित झाले. भारतात या विषयावर स्वतंत्र कायदा नाही. व्यापारचिन्हांच्या कायद्याचाच आधार घ्यावा लागतो, हेही त्यातून स्पष्ट झाले. व्यक्तीच्या नावाचा प्रश्न पुढे २०११ साली दिल्ली उच्च न्यायालयात सुटला. ज्येष्ठ विधिज्ञ आणि राजकीय नेते अरुण जेटली यांच्या नावाचे डोमेन दुसऱ्यांनी घेऊन विक्रीस ठेवले होते. हे नाव स्वतःच्या बळावर वेगळे ओळखले जाते, त्याला संरक्षण मिळाले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले.

जेटली स्वतः निष्णात वकील होते. ज्याचे नाव वर्तमानपत्रात कधी छापून आले नाही, ज्याच्या नावाचे दहा जण एकाच पेठेत सापडतील, अशा माणसाला 'हे नाव माझेच' असे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य आहे. आणि खरे तर ते योग्यही आहे, कारण उरलेल्या नऊ जणांचाही त्या नावावर तेवढाच हक्क आहे. शाळांचेही तसेच. 'सरस्वती', 'शारदा', 'नूतन' ही नावे गावोगावच्या शाळांना आहेत. एकीने आधी नोंदणी केली म्हणून दुसरीला तिच्यावर चोरीचा आळ घेता येणार नाही. खर्चाचा प्रश्न वेगळाच. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका सदस्याच्या लवादासाठी दीड हजार डॉलर शुल्क पडते, आणि जिंकल्यावर मिळते ते फक्त नाव. नुकसानभरपाई मिळत नाही. 'डॉट इन'च्या नावांसाठी 'निक्सी' या संस्थेने २००५ पासून वेगळी लवाद-व्यवस्था ठेवली आहे, ही त्यातल्या त्यात सोय.

या फसवणुकीचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो कमी परिचित आहे. डोमेनवर नाव कोणाचेही असो, नोंदणी करताना 'मालक' म्हणून भलत्याच निरपराध माणसाचे नाव व पत्ता भरला जातो. बनावट दुकान कोणी तरी चालवतो आणि कागदावर नाव येते दुसऱ्याचे. युरोपातील खासगीपणाच्या कायद्यानंतर, २०१८ पासून, नोंदणीकाराचे तपशील बहुतेक ठिकाणी झाकले जातात. त्यामुळे आपले नाव असे वापरले गेले आहे हे त्या माणसाला कळायलाही उशीर होतो. पत्र आले, पोलीस आले, की मग उलगडा. अशा वेळी नोंदणी करणाऱ्या कंपनीकडे लेखी तक्रार करून तपशील खोटे असल्याचे कळवावे लागते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क नुसार दुसऱ्याची ओळख लबाडीने वापरणे, आणि ६६ ड नुसार संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणे, हे गुन्हे आहेत. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पैसे गेले असतील तर १९३० हा क्रमांक विनाविलंब लावायचा असतो.

शाळेच्या बाबतीत धोका परक्याकडूनच येतो असे नाही. साठ वर्षे एखादी शाळा परगावी, परभाषकांच्या वस्तीत, देणग्या गोळा करून मराठी वर्ग चालवते. मग कोणी तरी उत्साहाने संकेतस्थळ तयार करून देतो. काम करणारा तरुण डोमेन स्वतःच्याच नावावर, स्वतःच्या ईमेलवर नोंदवतो. त्यात लबाडी नसते, घाई असते. आणि डोमेन कधीच विकत मिळत नाही. ते भाडेपट्ट्यावर मिळते, एका वेळी फार तर दहा वर्षांसाठी. नूतनीकरणाची सूचना त्या तरुणाच्या जुन्या ईमेलवर जाते. तो एव्हाना नोकरीसाठी परदेशी गेलेला असतो. 'डॉट कॉम'ची मुदत संपल्यावर साधारण पंचेचाळीस दिवसांपर्यंत सवलत, मग तीस दिवस जास्त पैसे भरून सोडवण्याची संधी, नंतर पाच दिवस, आणि मग नाव मोकळे. अशा सुटलेल्या नावांवर टपून बसलेले लोक असतात. जुन्या माजी विद्यार्थ्याने सवयीने पत्ता टाकावा आणि समोर जुगाराची जाहिरात यावी, किंवा त्याहून वाईट म्हणजे शाळेच्याच नावाने देणगी मागणारे पान यावे, हे त्यानंतरचे.

शिक्षणसंस्थांसाठी 'डॉट एज्यु डॉट इन' आणि 'डॉट एसी डॉट इन' ही राखीव नावे आहेत. ती 'अर्नेट इंडिया'मार्फत, संस्थेची कागदपत्रे पाहूनच दिली जातात. वाटेल त्याला मिळत नाहीत. २०१४ पासून 'डॉट भारत' या शेपटासह देवनागरीतही नाव घेता येते, आणि त्यात मराठीचा समावेश आहे. रोमन लिपीत 'विद्यालय'च्या शेवटी एक 'ए' लावायचा की नाही, हा घोळ तेथे उरत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा मात्र उरतो, आणि त्यासाठी मराठीच्या शिक्षकांनाच बसवावे लागेल. नोंदणी संस्थेच्या नावाने, ईमेल कार्यालयाचा, पदावरील व्यक्ती बदलली तरी न बदलणारा, आणि नूतनीकरणाची तारीख संस्थेच्या इमारतीच्या कागदपत्रांबरोबर, त्याच कपाटात.