वाद मुद्द्यांचा, बातमी पदराची
(बुलडाणा येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार टीव्हीवर समोरासमोर वाद घालतात. आपल्याकडे तशी पद्धत नाही. आपला राष्ट्रपती खासदार-आमदार निवडतात. उमेदवाराला तुमच्या-माझ्यासमोर यावंच लागत नाही. मग त्याची ओळख आपल्याला कोण करून देतं? वर्तमानपत्रं आणि टीव्ही. म्हणून ते काय दाखवतात आणि काय गाळतात, हा आपला प्रश्न आहे.

२००७ साली प्रतिभाताई पाटील उभ्या राहिल्या. मलकापूरच्या शेजारचं एदलाबाद, म्हणजे आजचं मुक्ताईनगर, हा त्यांचा जुना मतदारसंघ. १९६२ साली, सत्ताविसाव्या वर्षी त्या पहिल्यांदा आमदार झाल्या. पुढे मंत्री, विरोधी पक्षनेत्या, राज्यसभेच्या उपसभापती, राजस्थानच्या राज्यपाल. एवढी कारकीर्द असताना चर्चा रंगली ती डोक्यावरच्या पदराची, आणि बाईला 'राष्ट्रपती' म्हणायचं तरी कसं याची! सभापती, कुलपती म्हणताना कुणाला नवरा आठवत नाही. पंधरा वर्षांनी, २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू निवडून आल्या, तेव्हा एका खासदाराच्या तोंडून 'राष्ट्रपत्नी' शब्द गेला आणि संसदेत गदारोळ झाला.

कुणी म्हणेल, बाई आहे म्हणून प्रश्नच विचारायचे नाहीत का? जरूर विचारायचे. प्रतिभाताईंनी स्थापन केलेल्या महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २००३ साली रद्द केला होता. त्याबद्दल पत्रकारांनी विचारलं, ते योग्यच होतं. बचत गटात पै पै जमवणाऱ्या बाईने तर ते आधी विचारावं. माझी तक्रार एवढीच, की बँक आणि पदर एकाच तराजूत तोलू नका.

जिथे समोरासमोर वाद होतात तिथे तरी वेगळं आहे का? १९८४ साली उपाध्यक्षपदाच्या उमेदवार जेराल्डिन फेरारो यांना भर वादविवादात पत्रकाराने विचारलं, की तुम्ही बाई आहात म्हणून रशिया तुमचा फायदा घेईल का? समोरच्या जॉर्ज बुश यांना कुणी पुरुष असण्याबद्दल विचारलं नाही. २०२४ मध्ये कमला हॅरिस आणि ट्रम्प यांचा वाद झाला. त्यानंतर हॅरिस यांच्या कानातल्यात यंत्र लपवलं होतं अशी अफवा उठली, आणि ती खोटी आहे हे सांगण्यात वर्तमानपत्रांचे रकाने खर्च झाले. बाई नीट बोलली, तर तिला कुणीतरी सांगितलंच असणार!

हे दिल्ली-अमेरिकेपुरतं नाही. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. मी काम करते त्या भागातल्या एका गावात सरपंचबाई नळयोजनेच्या हिशेबावर ग्रामसभेत तासभर बोलल्या. बातमीत नाव आलं त्यांच्या नवऱ्याचं, आणि फोटोत बाई हार घालताना. पुढच्या सभेला लोक हिशेब विचारायला नवऱ्याकडेच गेले. बातमीने बाईचं पद असं काढून घेतलं जातं.

आणि हे नवं नाही. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांनाच नावं ठेवली, तेव्हा त्याला उत्तर दिलं ते आपल्या बुलडाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी. 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली छापलं गेलं. वर्तमानपत्र वाचून गप्प न बसणारी बाई ही आपली पूर्वज आहे.

तेव्हा गावी गेल्यावर एक करा. महिनाभर एका वर्तमानपत्रातल्या बायकांच्या बातम्या कापून वहीत चिकटवा. प्रत्येकीखाली लिहा: ती काय म्हणाली हे छापलंय, की कशी दिसली हे? तिचं स्वतःचं नाव आहे, की 'अमक्याच्या पत्नी'? ग्रामसभा झाली, की ठराव आणि बोलणाऱ्या बाईचं नाव कागदावर लिहून वार्ताहराच्या हाती द्या. चुकीचं छापून आलं तर सगळ्याजणी सह्या करून संपादकांना पत्र पाठवा. एकीचं पत्र बाजूला पडेल, पन्नास सह्यांचं सहसा पडत नाही.