विक्रीचें कमिशन आणि हातची दुरुस्ती

अंबरनाथ हें नांव उच्चारतांच डोळ्यांपुढें प्रथम उभें राहतें तें शके ९८२ मधलें, म्हणजे इ. स. १०६० मधलें, शिलाहारांच्या काळचें शिवालय. परंतु गेल्या शतकापासून या गांवाचा लौकिक देवळाइतकाच कारखान्यांचाही आहे. आगपेट्यांचा कारखाना आला, लष्करी सामानाचा सरकारी कारखाना आला, आणि १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर येथील औद्योगिक वसाहत वाढत गेली. कारखान्यांत माल तयार होतो. पण तो उल्हासनगर, बदलापूर, कल्याण अशा ठिकाणीं हिंडून खपविणारा माणूस वेगळा असतो. त्याच्या पदरीं जें पडतें त्यांत पगाराबरोबर विक्रीवरील कमिशनाचाही वांटा असतो. त्या कमिशनाचा हिशेब दुसऱ्यांदा मांडण्याची वेळ आली म्हणजे काय घडतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

वरवर पाहतां हें गणित शाळकरी मुलालाही यावें इतकें सोपें आहे. विक्रीची रक्कम घ्यावी, ठरलेल्या दरानें तिचा शेंकडा काढावा, कीं झालें. संगणक हें काम निमिषांत करतो. पण विक्री झाली त्या दिवशींच ती संपत नाहीं. कांहीं माल परत येतो, कांहीं बिलांत मागाहून सूट द्यावी लागते, एखादें बिल चुकून भलत्याच विक्रेत्याच्या नांवावर चढतें. म्हणून मागील महिन्यांची फेरगणना करावी लागते. तेवढ्यानेंही कांहीं बिघडलें नसतें. बिघडतें तें अशासाठीं कीं, मधल्या काळांत कोणीतरी जबाबदार माणसानें यंत्राच्या आंकड्यांत हातानें एखादी रक्कम घातलेली किंवा वजा केलेली असते. फेरगणना करतांना त्या रकमेचें काय करावयाचें, हा खरा प्रश्न आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेतलें तर हें लवकर ध्यानांत येईल. अंबरनाथच्या एका कारखान्यांत दोन विक्रेते आहेत आणि दोघांचाही दर शेंकडा २ आहे. जून महिन्यांत पहिल्याच्या नांवावर ८,००,००० रुपयांची विक्री लागली. कमिशन झालें १६,०००. दुसऱ्याच्या नांवावर ६,००,००० लागली. कमिशन झालें १२,०००. पण दुसऱ्याच्या नांवावरील १,००,००० रुपयांची एक मागणी वस्तुतः पहिल्यानें आणलेली होती. पगाराचा दिवस तोंडावर आलेला, बिल दुरुस्त करावयास वेळ नाहीं. तेव्हां व्यवस्थापकानें हातानें पहिल्यास २,००० रुपये वाढवून दिले आणि दुसऱ्याचे तितकेच कापले. शिवाय पहिल्यानें एक जुनी बुडीत उधारी वसूल करून आणली होती, म्हणून त्याला १,५०० रुपये खास बक्षीस म्हणून दिले. पहिल्याच्या हातीं पडले १९,५००. दुसऱ्याच्या हातीं १०,०००.

ऑगस्ट महिन्यांत तें बिल पहिल्याच्या नांवावर फिरविण्यांत आलें. त्याच सुमारास पहिल्यानें जूनमध्यें विकलेल्या मालापैकीं ५०,००० रुपयांचा माल परत आला. आतां पहिल्याची जूनची विक्री ८,५०,००० आणि कमिशन १७,०००; दुसऱ्याची विक्री ५,००,००० आणि कमिशन १०,०००.

येथें बहुतेक कचेऱ्यांत तीनपैकीं एक वाट धरली जाते. पहिली वाट म्हणजे यंत्रानें काढलेला नवा आंकडा खरा मानून हातच्या साऱ्या रकमा पुसून टाकणें. तसें केल्यास पहिल्याला १७,००० मिळतात आणि कष्टानें कमावलेलें १,५०० रुपयांचें बक्षीस जातें. दुसरी वाट म्हणजे हातच्या रकमा जशाच्या तशा ठेवणें. मग पहिल्याला २०,५०० मिळतात, कारण त्या बिलाचे २,००० दोनदां जमा होतात. आणि दुसऱ्याचे तेच २,००० दोनदां कापले जाऊन त्याच्या नांवावर अवघे ८,००० उरतात. तिसरी वाट म्हणजे ज्या ज्या आंकड्याला हात लागला तो गोठवून ठेवणें. तेव्हां पहिल्याचे १९,५०० कायम राहतात आणि परत आलेल्या मालाची वजावट होतच नाहीं. खरें उत्तर या तिहींपैकीं एकही नव्हे. पहिल्याला १७,००० अधिक १,५००, म्हणजे १८,५०० मिळावयास पाहिजेत. १,००० त्याच्याकडून परत यावयास पाहिजेत. आणि दुसऱ्याचे १०,००० तसेच राहावयास पाहिजेत.

खरें उत्तर काढतां येतें तें एकाच गोष्टीमुळें. २,००० कशासाठीं घातले आणि १,५०० कशासाठीं घातले, हें ठाऊक आहे म्हणून. कारण लिहिलेलें नसेल तर दोन्ही रकमा सारख्याच दिसतात, आणि मग यंत्रालाच काय, दोन महिन्यांनीं खुद्द व्यवस्थापकालाही त्यांतला फरक सांगतां येणार नाहीं.

हातच्या दुरुस्त्या तीन जातींच्या असतात. पहिली तात्पुरती: मूळ नोंद चुकली आहे, ती सुधारेपर्यंत दिलेला टेकू. मूळ नोंद सुधारली त्याच दिवशीं हा टेकू काढावयाचा असतो. दुसरी स्वतंत्र: बक्षीस किंवा दिलेलें वचन. विक्रीच्या आंकड्याशीं तिचा संबंध नसल्यामुळें फेरगणना कितीही वेळां झाली तरी तिला धक्का लागतां कामा नये. तिसरी जात अधिक फसवी आहे. एखाद्या ग्राहकापुरता दर २ ऐवजीं अडीच ठरवितात, पण लिहितात मात्र फरकाचे रुपये. पुढें त्या ग्राहकाचा माल परत आला तरी ते रुपये कमी होत नाहींत. अशा वेळीं रक्कम न लिहितां दर लिहावा, म्हणजे फेरगणनेंत तो आपोआप योग्य तेंच फळ देईल.

शाळेंत बेरीज शिकवितांना हातचा अंक रकान्याच्या माथ्यावर वेगळा मांडावयास सांगतात. तो भलतीकडे मिसळला तर पडताळा घेतां येत नाहीं. कमिशनाच्या तक्त्यांतही यंत्राची रक्कम एका रकान्यांत आणि हातची दुसऱ्या रकान्यांत असावी, बेरीज तिसऱ्यांत. हातच्या प्रत्येक रकमेपुढें माणसाचें नांव, महिना, बिलाचा क्रमांक, कारण, मंजुरी देणाराचें नांव आणि ती केव्हां रद्द व्हावयाची हें लिहावें. एकाला वाढ आणि दुसऱ्याला कपात असेल तर दोन्ही नोंदी एकमेकींशीं जोडलेल्या असाव्या, म्हणजे एक काढतांना दुसरी मागें राहणार नाहीं.

एकदां पैसे वांटून झाले कीं तो महिना पुन्हां उघडूं नये. जुन्या रोजकीर्दींत चुकलेला आंकडा खरडून काढीत नसत. उलट नोंद करून तो सुधारीत असत. तोच नियम येथेंही लागू आहे. वरील उदाहरणांत जूनचा कागद १९,५०० च दाखवील. ऑगस्टच्या कागदावर ‘जूनच्या फेरगणनेचा फरक, वजा १,०००’ अशी ओळ येईल.

कायद्याचा रोखही याच दिशेला आहे. कंपन्यांच्या हिशेबांविषयींचे नियम केंद्र सरकारनें २०२१ सालीं बदलले आणि तो बदल १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आला. कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरनें प्रत्येक बदलाचा माग तारखेसह ठेवला पाहिजे आणि तो माग बंद करतां येतां कामा नये, असें तो नियम सांगतो. परंतु पुष्कळ ठिकाणीं कमिशनाचा तक्ता एक्सेलमध्यें निराळाच असतो आणि मुख्य हिशेबांत येते ती फक्त शेवटची रक्कम. मग काय बदललें आणि केव्हां, एवढें कळतें. कां बदललें हें कळत नाहीं.

तारखेचें महत्त्व करामुळेंही आहे. नोकर नसलेल्या दलालाच्या कमिशनावरील करकपातीचा दर १ ऑक्टोबर २०२४ रोजीं शेंकडा ५ वरून २ वर आला. सप्टेंबरच्या विक्रीचा वाढीव फरक नोव्हेंबरमध्यें प्रथमच जमा झाला असेल, तर त्याला नवा दर लागतो. जुना महिना उघडून त्यांत तो फरक कोंबला, तर त्याला जुना दर लागल्याचें दिसेल. पगारी विक्रेत्याची गोष्ट निराळी. उलाढालीवर ठरलेल्या शेंकडेवारीनें मिळणारें कमिशन हा त्याच्या पगाराचाच भाग होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें जेस्टेटनर डुप्लिकेटर्स या कंपनीच्या प्रकरणांत दिला.

पगाराचाच भाग म्हटल्यावर त्यांतील चूक ही घरखर्चांतील चूक ठरते. वरील उदाहरणांतला दुसरा विक्रेता आठवावा. त्यानें कांहीं केलेलें नाहीं. त्याचा माल परत आला नाहीं. तरी दुसऱ्या वाटेनें गेल्यास त्याच्या हातचे २,००० रुपये निघून जातात. तो विचारावयास आला तर ‘संगणकानें तसें काढलें आहे’ एवढेंच उत्तर त्याला मिळतें. तें उत्तर खोटें असतें. संगणकानें त्याचे १०,००० बरोबरच काढलेले असतात. उरलेली कपात एका माणसाच्या हातची असते आणि तिचें कारण जूनमध्यें कोणी लिहून ठेवलेलें नसतें. म्हणून फेरगणना झाल्यावर पैसे देण्याघेण्यापूर्वीं प्रत्येकाच्या हातीं चार ओळींचा कागद पडावा: पूर्वीं किती दिले, यंत्राचा आंकडा कितीनें बदलला, हातची कोणती रक्कम राहिली आणि कोणती रद्द झाली. तो वाचून विक्रेत्याला शंका आली, तर ती पगाराच्या दिवसापूर्वींच निस्तरतां येते.