आधी तोंड, मग हात

शिवाजी पार्कवरून सावरकर मार्गाने (जुनी मंडळी अजून कॅडेल रोडच म्हणतात) उत्तरेला निघालं की माहीमचा दर्गा लागतो आणि पुढे सेंट मायकेल चर्च. याच टापूत तबलावादक झाकीर हुसेन वाढले. जन्म 1951 चा. गुरू घरातच होते: वडील, पंजाब घराण्याचे उस्ताद अल्लारखा.

नवजात मुलाच्या कानात वडिलांनी प्रार्थनेऐवजी तबल्याचे बोल म्हटले, ही गोष्ट झाकीरभाई रंगवून सांगत. ऐकणारे तिथेच दाद देऊन मोकळे होतात. घरी मुलाला शिकवणाऱ्यांच्या कामाचं आहे ते पुढचं. कसून तालीम सुरू झाली ती मुलगा सात वर्षांचा झाल्यावर, आणि तीही ‘शिकायचंय का?’ असं विचारून. पहाटे तीनला उठायचं, सहापर्यंत बसायचं. पण त्या वेळात तबल्याला हात लावायचा नाही. बापलेक नुसते बोल म्हणत, बंदिशी घोकल्या जात, जुन्या उस्तादांच्या गोष्टी निघत. मग मदरसा, मग सेंट मायकेल शाळा.

परदेशात घरी तबला शिकवणाऱ्या आईबापांनी पहाटे तीनची वेळ उचलू नये. शेजारी नाही, तर मूल तरी बंड करील. उचलायचा तो क्रम. तीनतालाच्या सोळा मात्रा, टाळ्या पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला, खाली नवव्या मात्रेला: एवढं गाडीत मागे बसूनही म्हणता येतं. ठाय (संथ) लयीतली पढंत, म्हणजे तोंडाने बोल म्हणणं, अडखळत असेल, तर दुगुन (दुप्पट लय) काढायची नाही. तोंडात न बसलेला कायदा (बोलांची बांधलेली रचना) डग्ग्यावर बसत नाही. शिवाय लय कधी वाढवायची हे मग बापाच्या हौसेवर राहत नाही, मुलाची जीभच ते सांगते. घरच्या शिकवणीतली निम्मी भांडणं इथेच मिटावीत.

जपानच्या शिनिची सुझुकींनी व्हायोलिनसाठी जवळपास हाच रस्ता धरला. मुलाने आधी भरपूर ऐकायचं, आईने किंवा वडिलांनी स्वतः थोडं वाजवायला शिकायचं, आणि नवी धून आली तरी जुनी सोडायची नाही. राहिल्या परीक्षा: गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद परीक्षा असाव्यात जरूर, पण ‘यंदा प्रवेशिका झालीच पाहिजे’ ही घाई बहुधा पालकांचीच असते.

एकाच घरातली मुलंही एका चालीने जात नाहीत. अल्लारखांचे आणखी एक पुत्र फजल कुरेशी तबल्यावरच राहिले. धाकटे तौफिक जेंबेकडे वळले आणि तबल्याचे बोल त्यांनी त्या आफ्रिकन वाद्यावर बसवले.