बालाजीचे कर्ज

भांडवलशाही म्हणजे नफ्यातून पुन्हा भांडवल उभे करीत राहण्याची न थांबणारी व्यवस्था असे मानले, तर तिच्या गाभ्याशी असलेल्या व्याजाची एक विलक्षण कथा तिरुमलेच्या स्थलपुराणात सापडते. भृगू ऋषीने छातीवर लाथ मारली असताही विष्णूने त्याचेच पाय चेपले, म्हणून रुसलेली लक्ष्मी वैकुंठ सोडून करवीरास, म्हणजे कोल्हापुरास आली, हे श्रोत्यांना ठाऊक असेलच. तिच्यावाचून निष्कांचन झालेल्या देवाला पुढे पद्मावतीशी विवाह करण्यासाठी कुबेराकडून कर्ज काढावे लागले. कलियुग संपेपर्यंत देव केवळ व्याज भरीत राहणार, आणि भक्त हुंडीत, म्हणजे कापडाने वेढलेल्या मोठ्या दानपात्रात, जे टाकतात ते या व्याजापोटीच, अशी श्रद्धा आहे.

धर्मशास्त्राने एरवी सावकाराला लगाम घातला होता. एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, हा दामदुपटीचा नियम मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे, आणि इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालयेही तो हिंदू ऋणकोंना लागू करीत. शेतकऱ्याला मिळणारे हे संरक्षण खुद्द देवाला मात्र पुराणकारांनी नाकारले, ही गंमतच म्हणायची! मुद्दल फिटले की नाते संपते. व्याज चालू राहिले तर धनको, ऋणको आणि भक्त एकमेकांशी बांधलेले राहतात, हे पुराणकारांनी नेमके ओळखले होते. आज तिरुपती देवस्थान रोकड व सोने बँकांत ठेवून व्याज मिळवते, त्यामुळे पुराणातला ऋणको व्यवहारात धनको झाला आहे.

तथापि या कथेचा आधार घेऊन सावकारीला पावित्र्य बहाल करणे गैर ठरेल, कारण हुंडीत काही न टाकणाऱ्या भक्ताच्या घरावर कुबेर जप्ती आणत नाही. जप्त्यांनी गांजलेल्या पुणे-नगर भागातील शेतकऱ्यांनी १८७५ साली, सुप्याच्या बाजारापासून सुरुवात करून, सावकारांचे कर्जरोखे व वह्या जाळल्या. त्यानंतर १८७९ मध्ये झालेल्या डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्टने कर्जरोख्यामागचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला.